उजवीकडचा खरा

१६ नोव्हेंबर १९९७, रविवार

सकाळी ‘मैदानावरून’ हा माझा मुलाखतींचा कार्यक्रम लागला. कबड्डीचे एक कोच होते. उत्तरं नेहमीचीच. आईवडिलांचे आशीर्वाद, मुलांची मेहनत, वरिष्ठांचं मार्गदर्शन. रेडिओवर वीसेक वर्षं हेच ऐकतोय. एकाच माणसाची मुलाखत घेऊन ठेवावी आणि दर रविवारी नाव बदलून लावावी, कुणाला पत्ता लागायचा नाही. सुमनला म्हटलं तसं. ती म्हणाली, तुम्ही तेच करताय असं मला वाटत होतं.

बायको आहे, सोडून दिलं.

खरं बोलणं होतं ते लेव्हल घेताना. टेप सुरू करायच्या आधी आवाजाचा काटा कुठवर जातो ते बघावं लागतं. तेव्हा मी प्रत्येकाला एकच विचारतो, सकाळी काय खाल्लं? माणूस सैल बसतो आणि बोलून जातो. हे कबड्डीवाले चहा-पोहे सांगता सांगता म्हणाले, कॅप्टनचं आणि माझं दिवाळीपासून बोलणं नाही. मग मी बटण दाबलं. तेव्हा म्हणाले, आमचा संघ म्हणजे एक कुटुंब आहे.

लेव्हल टेपवर नसते. माझ्या डोक्यात मात्र साठून राहते. कॉमेंट्री करताना खेळ थांबला की त्यातलं चांगलं तेवढं काढून सांगतो. रेडिओवर गप्प बसून चालत नाही. लोकांना वाटतं सेल संपले.

२० नोव्हेंबर

गायधनी सरांचा फोन. शाळेत आम्हाला पी.टी.ला होते. आज मी पन्नाशी ओलांडली तरी सुरुवात ‘काय रे मध्या’ अशीच. जानेवारीत मुलींची राज्य हॉकी स्पर्धा नाशकात आहे, जिल्ह्याचा संघ सरांकडे. म्हणाले, क्रिकेटवाल्यांची आरती ओवाळून झाली असेल तर एकदा आमच्या मुरमावर ये.

जातो म्हटलं. सरांना नाही म्हणायची सवय मला शाळेत लागली नाही, आता काय लागणार.

२३ नोव्हेंबर, रविवार

सरांचं मैदान. मुरूम, गवताची काडी नाही. प्रॅक्टिसच्या आधी सगळ्या मुली ओळीनं वाकून खडे वेचतात. प्रत्येकीनं ओंजळभर खडे कडेला नेऊन टाकायचे, मग स्टिक हातात. सरांचा नियम. सर अडुसष्ट वर्षांचे, पण स्वतःही वाकतात. तरी खडे संपत नाहीत, म्हणाले, जमीन रोज नवीन विते.

चार मुलींशी बोललो. तिघींनी आशीर्वाद, मेहनत, मार्गदर्शन. चौथी गोलकीपर, यमुना भोये. हरसूलकडची, आश्रमशाळेत सरांना सापडली, आता इथं होस्टेलला. अठरा-एकोणीसची असेल. बुटकी, खांद्यानं रुंद. ती उन्हात बसली होती, डाव्या भुवईवरची खूण चकाकत होती.

लेव्हल घेतली. सकाळी काय खाल्लंस?

“उपमा. दोन वाट्या दिसल्या, एकच खाल्ली.”

मी हसलो. तीही हसली. मग म्हणाली, “खरंच दोन दिसत्यात माला. पावसाळ्यात बॉल लागला ना, तवापासून.”

खड्यावर उडून आलेला बॉल. हेल्मेट तेव्हा नव्हतं. विचारलं, मग खेळताना?

“बॉल पन दोन.”

“आणि अडवतेस कुठला?”

“उजवीकडचा. तोच खरा असतो.” अगदी पाढा म्हणावा तसं. मग जरा थांबून, “डावीकडून आला की मंग दोघं लांब लांब पळत्यात. तवा नाय कळत. अंदाजानं घालते अंग.”

एक डोळा मिटून बघ ना, म्हटलं. म्हणाली, बघितलं, मग बॉल केवढा लांब हाय तेच समजत नाय.

एवढं बोलल्यावर तिला माझ्या हातातला माईक दिसला. चेहरा पडला. “हे नका लावू, सर.” नाही लावत म्हटलं. बटण दाबलं. मग यमुना भोये म्हणाली की गायधनी सरांच्या मार्गदर्शनामुळे माझा खेळ सुधारला.

२४ नोव्हेंबर

राहवेना म्हणून सरांच्या घरी गेलो, पंचवटीत. मला वाटलं त्यांना माहीत नसेल. माहीत आहे. त्यांनीच तिला उजवीकडचा धरायला शिकवलं. रोज शंभर बॉल मारून.

डॉक्टर? म्हणाले, स्पर्धा झाली की दुसऱ्या दिवशी मी स्वतः नेतो. आत्ता नेली तर डॉक्टर पट्टी बांधून घरी बसवेल. फायनलला निवड समिती येणार आहे, खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी आहे. “तिच्या घरात महिन्याचा पगार कुणी पाहिला नाही, मध्या. परत गेली तर वर्षाच्या आत लग्न लावतील. डोळा काय, दोन महिन्यांनी बघू.”

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. चहा प्यालो नि आलो. तिन्हीत हेच सगळ्यात सोपं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

यमुनाची मुलाखत लागली. मार्गदर्शनवाली. सुमनला सगळं सांगितलं होतं. तिनं पूर्ण ऐकली, मग रेडिओ बंद केला. म्हणाली, सर नेत नाहीत तर तुम्ही न्या की तिला डॉक्टरकडे. मी म्हटलं, सरांना न विचारता कसं नेणार? म्हणाली, रिक्षानं.

१४ डिसेंबर, रविवार

मैदानावर गेलो होतो, यमुनाला डॉक्टरबद्दल विचारायचं ठरवून. सर तिला डावीकडून बॉल मारत होते. दहातले चार अडवत होती, सहा आत. प्रत्येक वेळी सर नुसते “पुन्हा” म्हणत. हेल्मेट आणलंय आता, कुणाचं तरी क्रिकेटचं जुनं. पुढची जाळी तिनंच काढून टाकली. जाळीपण दोन दिसते, मग बॉल जाळीत हरवतो.

विचारलं मी. डॉक्टरकडे चल म्हटलं, मी नेतो. ती सरांकडे बघत होती. म्हणाली, “फायनल झाली का जाऊ, सर. आता तुमी काय बोलू नका. माझी नोकरी जाईल.”

नोकरी अजून मिळालेली नाही, ती जाणार कुठून. पण तिच्या तोंडून ते असंच आलं.

ठीक आहे म्हटलं. आता तिघांचं एकमत झालं.

१४ जानेवारी १९९८

स्पर्धा सुरू. मांडवाखाली टेबल, टेलिफोनची लाइन, मी आणि शेजारी तज्ज्ञ म्हणून रफिकभाई. जुन्या नाशकातले, एकेकाळी उत्तम हाफबॅक, आता गुडघे गेलेत. दोघं बसलो की आमचं जमतं. मी चेंडू सांगतो, ते अक्कल सांगतात.

गंमत अशी की मैदानाभोवती बघावं तिकडे लोकांच्या कानाला ट्रान्झिस्टर. समोर खेळ दिसतोय तरी ऐकतात. मी बोललेलं पलीकडच्या बाजूनं परत माझ्या कानावर येतं. छाती फुगली, खोटं कशाला लिहू. सुमनला सांगितलं तर म्हणाली, हाकेच्या अंतरावरचं सांगायला सरकारनं तार टाकली.

नाशिक ३–०. यमुनाकडे दोनच बॉल आले, दोन्ही समोरून. उजवीकडचा धरला तिनं.

१७ जानेवारी

सेमी फायनल जिंकली, टायब्रेकरवर. यमुनानं तीन अडवले. टायब्रेकरचा बॉल समोरूनच येतो, ते तिला सोयीचं. मुलींनी तिला उचलून घेतलं. सर कडेला उभे, टाळीसुद्धा नाही, पण नाक पुसत होते.

उद्या विदर्भाच्या संघाशी फायनल. त्यांच्या कोच बाई पांढऱ्या टोपीत बाकावर असतात, कानात ट्रान्झिस्टरची वायर. मला बरं वाटलं. तिकडच्या बाईंनासुद्धा आपली कॉमेंट्री लागते.

१८ जानेवारी, रविवार

हरलो. यमुना दवाखान्यात आहे. आज लिहवत नाही.

१९ जानेवारी

लिहितो. नाही लिहिलं तर उद्या माझं मलाच वेगळं आठवायला लागेल.

मध्यंतराच्या जरा आधी नाशिक १–०. तेवढ्यात गोलची मागची फळी निखळली. अंपायरनं खेळ थांबवला. हातोडी आणायला माणूस गेला तो गेलाच. मोकळी जागा. रफिकभाई दोन गोष्टी बोलले, मी दोन बोललो, माणूस येईना. समोर यमुना गोलात उभी, हेल्मेट काढून घाम पुसत होती. आणि मला भरून आलं. खरोखर भरून आलं. तिच्याबद्दल लोकांना कळावं असं वाटलं. वीस वर्षांची सवय, जे डोळ्यांपुढे ते तोंडावर.

म्हणालो, श्रोतेहो, नाशिकची ही गोलकीपर, हरसूलच्या डोंगरातली ही मुलगी, हिला डोळ्याच्या दुखापतीमुळे एका चेंडूचे दोन दिसतात. आणि ती त्यातला उजवीकडचा अडवते. या स्पर्धेत तिच्यावर फक्त एक गोल झालाय.

रफिकभाई थक्क. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी सहज, कुणीही विचारेल तसं विचारलं, आणि डावीकडून आला तर?

मी सांगितलं. डावीकडून आला तर तिचं तिलाही कळत नाही. अंदाजानं अंग घालते. केवढं धैर्य, श्रोतेहो.

फळी ठोकली. खेळ सुरू.

मध्यंतरानंतर विदर्भाचा सगळा खेळ त्यांच्या उजव्या बगलेवरून, म्हणजे यमुनाच्या डावीकडून. तोवर त्यांनी बहुतेक मधूनच चढाया केल्या होत्या. हे मी माईकवर बोललोसुद्धा. ‘विदर्भानं डावपेच बदललेले दिसतात.’ बोललो, आणि तरी डोक्यात उजेड पडला नाही. रफिकभाईंच्या पडला. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मी तो बाजूला केला, कारण राइट विंग पळत सुटली होती.

एक गोल. मग दुसरा. तिसऱ्या वेळी त्या राइट विंगनं उचलून मारला. यमुनानं अंग घातलं, अंदाजानं. डाव्या डोळ्यावर. आवाज मांडवापर्यंत आला. हेल्मेटला जाळी नव्हती.

त्याचंही वर्णन करत होतो मी. ‘चेंडू हवेत, यमुना झेपावते...’ तिथं थांबलो. पुढचं रफिकभाईंनी संपवलं.

विजेत्या कोचची मुलाखत ठरलेली होती, स्टुडिओ थांबला होता. घ्यावी लागली. तोवर यमुनाला जीपमध्ये घालून नेलं होतं, सर तिच्याबरोबर. कोच बाई घामेजलेल्या, आनंदात. लेव्हल. सकाळी काय खाल्लं? केळी, म्हणाल्या. मग आपण होऊन, “तुमची कॉमेंट्री छान असते हो. खूप उपयोग झाला. मुलींना लगेच सांगितलं, राइटनं जा. लागलं त्या मुलीला, वाईट वाटतंय. फार नसेल ना?”

वाईट बाई नाहीत. कुठल्याही कोचनं तेच केलं असतं.

बटण दाबलं. म्हणाल्या, आमच्या मुलींनी जिद्द सोडली नाही, याचं श्रेय सांघिक कामगिरीला.

मी म्हणालो, अभिनंदन.

२१ जानेवारी

केंद्रावर कौतुक. साहेब म्हणाले, त्या मुलीची गोष्ट काय सांगितलीत, अंगावर काटा आला. श्रोत्यांची पत्रं येतील, बघा. चपराशानं पण हात मिळवला.

कुणालाही जोडता आलेलं नाही. राइट विंग, ट्रान्झिस्टर, मी. माझ्याशिवाय दोघांनाच ठाऊक, रफिकभाई आणि त्या बाई.

२२ जानेवारी

रफिकभाईंकडे गेलो. खाटेवर गुडघे शेकत बसलेले. म्हणाले, “मैंने पूछा, तू बोला. आता वाटून घेऊ.” म्हटलं, तुम्हाला माहीतच नव्हतं, तुमचा काय दोष. त्यांनी दुसरा गुडघा शेकायला घेतला. मग विचारलं, “तुला कधीपासून माहीत होतं, मधू?”

नोव्हेंबरपासून, म्हटलं.

त्यांनी शेकायची पिशवी बाजूला ठेवली. त्यानंतर चहा आला, तो प्यालो.

१ फेब्रुवारी, रविवार

सर केंद्रावर आले, मुद्दाम. डावा डोळा गेला. काढावा लागला, आतलं सगळं फुटलं होतं. डॉक्टरांनी सरांना विचारलं, आधीची दुखापत केव्हाची? डोळ्याच्या खोबणीच्या हाडाला जुनी चीर आहे. तेव्हाच आणली असती तर दोन दिसणं बहुधा थांबलं असतं, लहानसं ऑपरेशन होतं.

हे सांगताना सर माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. म्हणाले, निवड समितीनं तिचं नाव लिहून घेतलं होतं रे मध्या. सेमी फायनललाच, एक दिवस आधीच आले होते.

मी विचारलं, आता? म्हणाले, आता काय. तिला घरी न्यायला आई आली होती.

सरांना कॉमेंट्रीचं माहीत नाही. ते तेव्हा मैदानावर होते. सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर ते उठले. त्यांच्या पाठीला पोक आलंय, आजच पहिल्यांदा दिसलं.

८ फेब्रुवारी, रविवार

हरसूलला गेलो. सुमन म्हणाली, मी येते, तुम्ही एकटे गेलात तर आशीर्वाद-मार्गदर्शन करून परत याल. बाजाराचा दिवस, एसटीला गर्दी. गावापुढे दोन मैल चालत, पाडा.

यमुना अंगणात नागली पाखडत होती. डोळ्यावर पांढरी पट्टी. मला बघून उठली, पाणी आणलं. सुमननं तिचा हात धरला तो सोडलाच नाही. यमुना म्हणाली, आता एकच दिसतं सर. हसली. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

मी सांगून टाकलं. ट्रान्झिस्टर, कोच बाई, केळी, सगळं. तिनं ऐकलं. चिडली नाही. म्हणाली, “माला वाटलंच व्हतं. सारख्याच तिकडून याया लागल्या.” बस एवढं.

आई दारात बसली होती. फायनलच्या दिवशी शेजाऱ्याचा रेडिओ मागून आणला होता, सगळा पाडा गोळा झाला होता, पोरीचं नाव ऐकायला. तिला दोन दोन दिसतं हे आईला माझ्या तोंडून कळलं, रेडिओवर. म्हणाली, “तुमाला आधी म्हायत व्हतं ना. मंग माला का नाय सांगलं? मी न्हेली असती तिला दवाखान्यात.”

मी तीन आठवडे ट्रान्झिस्टरवर जळत होतो. त्या बाईंनी ऐकलं नसतं तर, रफिकभाईंनी विचारलं नसतं तर, फळी निखळली नसती तर. आईला त्यातलं काहीच नको होतं. मी सगळ्या जिल्ह्याला सांगितलं आणि तिला नाही, एवढंच तिला विचारायचं होतं.

परतीच्या एसटीत सुमन खिडकीकडे तोंड करून रडली.

३ मार्च

केंद्रावर लिहून दिलं, घशाचा त्रास आहे, यापुढे थेट कॉमेंट्री जमणार नाही. मुलाखती करीन. साहेब म्हणाले, घसा तर ठणठणीत वाटतोय. हो म्हटलं.

९ ऑगस्ट १९९९

सरांच्या मैदानाला नाशिकच्या एका शेठनं हिरवळ लावून दिली म्हणे, अर्ध्या भागात. बोलावणं होतं, गेलो नाही. रफिकभाई गेले होते, सांगत होते, मुलींना आता खडे वेचायला नाहीत तर प्रॅक्टिस कुठून सुरू करायची तेच कळेना.

यमुनाचं लग्न झालं नाही. आश्रमशाळेत स्वयंपाकाला लागली आहे. हे सुमनकडून कळलं. ती पत्र पाठवते अधूनमधून, मला न सांगता.

२० जानेवारी २००४

पुढच्या महिन्यात सर पंच्याहत्तर पूर्ण करतील. अमृतमहोत्सवी सत्कार, मोठी कमिटी, माजी खेळाडू. केंद्रानं माझ्याकडे खास कार्यक्रम दिलाय, सरांच्या विद्यार्थिनी सरांबद्दल बोलतील. सत्काराच्या आधीच्या रविवारी लागेल. निवृत्तीला आलेल्या माणसाला असलीच कामं मिळतात.

सरांचा फोन आला. आवाज पार बारीक झालाय. मध्या, यमुनाला पण घे रे. तिला विसरलो असं नको वाटायला.

२८ जानेवारी

हरसूल. आता डांबरी रस्ता पाड्यापर्यंत. आश्रमशाळेच्या मागे पटांगण, तिथं यमुना लहान मुलींना हॉकी शिकवते, स्वयंपाक आटोपला की. बांबूच्या स्टिका. मुली ओळीनं वाकून खडे वेचत होत्या. मी बघत राहिलो. ही सवय तिनं ठेवली.

डावा डोळा काचेचा. बरा बसलाय, लगेच कळत नाही.

आई गेली मागच्या वर्षी.

चुलीशेजारी पाटावर बसून टेप लावली. लेव्हल. सकाळी काय खाल्लं?

“नागलीची भाकर. उडदाचं वरण.” मग ती थांबली नाही. बोलत गेली, हळू, एकेक शब्द. “माला दोन बॉल दिसत व्हते. सरांना म्हायत व्हतं. रेडिओवाल्या सरांना म्हायत व्हतं. डॉक्टरला नव्हतं म्हायत. माझ्या आईला नव्हतं. तिघांनी मिळून ठरवलं गप बसायचं, त्यातली एक मी व्हते. पन मी अठरा वर्सांची व्हते, सर. तुमी दोघं मोठे व्हते.”

काटा बघायचं राहून गेलं माझं.

तिनं विचारलं, झालं का तुमचं ते? झालं म्हटलं. “मंग आता लावा टेप. हेच बोलते.”

म्हटलं, यमुना, हा सत्काराचा कार्यक्रम आहे. म्हणाली, माहीत आहे, सरांवर राग नाही, सरांनी नेलं नसतं तर मी मैदानावर गेलेच नसते. तेपण बोलेन. पण या पोरींना बॉल लागला की मी त्यांच्या आईला सांगते, तवाच्या तवा, आणि का सांगते ते एकदा रेडिओवर येऊ दे. “मागं तुमी बोलले माझ्याबद्दल. आता मी बोलते.”

बटण दाबलं. ती तेच बोलली. जवळजवळ शब्दाला शब्द. आधी राग नाही ते, मग दोन बॉल, सर, मी, डॉक्टर, आई. एवढ्या वर्षांत लेव्हल आणि मुलाखत सारखी निघालेली ही माझी पहिलीच.

३० जानेवारी

सुमनला ऐकवली. तिनं विचारलं, सर ऐकणार? म्हटलं, सगळं घर ऐकणार, कमिटीचे लोक जमणार आहेत त्यांच्याकडे. मग बराच वेळ भाजी निवडत बसली. म्हणाली, मी नाही सांगणार काय करायचं ते. पूर्वी एकदा सांगितलं होतं, रिक्षानं जा म्हणून.

३१ जानेवारी, शनिवार

दुपारपासून स्टुडिओत, ही वहीपण इथंच लिहितोय. कार्यक्रम जोडून झाला. दोन टेप तयार केल्या. एकीत यमुना आहे, एकीत नाही. यमुना नसलेली छान झालीय, सगळं कसं सुरात. आशीर्वाद, मेहनत, मार्गदर्शन. यमुना असलेल्या टेपमध्ये शेवटी तिचं बोलणं येतं, त्यानंतर संगीत लावायला जमत नाही. दोनदा लावून बघितलं, काढून टाकलं.

सरांचा फोन आला. म्हणाले, यमुना काय म्हणाली रे? म्हटलं, नागलीची भाकर खाल्ली म्हणाली. हसले. मग खोकला आला त्यांना. खोकला थांबल्यावर म्हणाले, डोळ्याचं काही बोलली असेल तर राहू दे हां मध्या. म्हणजे कापू नको, राहू दे. की कापू नको म्हणजे... जाऊ दे, तुला कळतंय ते कर.

मला कळलं नाही ते काय म्हणाले. परत फोन केला, उचलला नाही.

ड्यूटीवर नवीन मुलगी आहे, हुशार. दोन्ही टेप टेबलावर शेजारी शेजारी. उद्या सकाळी तीच लावणार. घरी निघायच्या आधी तिनं विचारलं, सर, यातली खरी कुठली?

थांब, सांगतो म्हटलं. ती अजून थांबली आहे.